चूक त्यांची, खेपा आपल्या

अब्बांच्या आधारवर ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग एक, पॅनवर दुसरं, माझ्या जन्मदाखल्यावर तिसरंच. तिन्ही वेळा नाव टाइप केलं ते खिडकीपलीकडच्या माणसाने. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, खेपा आणि बुडालेल्या रजा मात्र आमच्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दोन डेटाबेस जुळले नाहीत, तर आधी सिस्टिम तपासतात. ग्राहकावर संशय घेत नाहीत. सरकारचं उलटं आहे. त्याला आपल्या बोटांचे ठसे हवेत, बुबुळं हवीत, पण साधा दाखला वेळेवर देता येत नाही. आणि नाव मुसलमानाचं असलं की एका अक्षराच्या फरकाचीही धास्ती वाटते.

नुसतं चिडून भागणार नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली किंवा नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. पुढे दुसरं अपील, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पण तोंडी ‘उद्या या’विरुद्ध अपील करायचं कसं? म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या प्रत्येकाने निदान एका घराचा अर्ज नीट भरून द्यावा, तारीख लिहून ठेवावी. सरकार आपल्याकडे दहा कागद मागतं. आपण एक तरी मागायला शिकूया : पोचपावती.