फैजपूरचा ठराव आणि सत्तेतील विस्मरण

१/ सत्ता मिळाल्यावर पक्ष आपली मूळ तत्त्वे विसरतो, ही तक्रार आजची नाही. तिचा एक जुना दाखला खानदेशातच आहे.

२/ डिसेंबर १९३६. तेव्हाच्या पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून अधिवेशननगर सजवले.

३/ येथेच शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम संमत झाला : शेतसाऱ्यात व खंडात कपात, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन, शेतकरी संघटनांना मान्यता.

४/ अवघ्या सात महिन्यांत, जुलै १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. वचन देणारे आता वचन पाळण्याच्या जागी होते.

५/ १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. शेतसारा माफ करावा, म्हणून साने गुरुजी गावोगाव फिरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेणारे आणि फैजपूरसाठी राबलेले हेच गुरुजी. अमळनेरहून त्यांनी काढलेल्या साप्ताहिकाचे नावही 'काँग्रेस'च होते!

६/ न्यायाने सांगायचे, तर खेर सरकार निष्क्रिय नव्हते. १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यानेच केला. मात्र १९३८ मध्ये संपावर बंधने घालणारा औद्योगिक कलह कायदाही त्याच सरकारने आणला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांना त्याविरुद्ध संप करावा लागला.

७/ अशा वेळी सत्ताधारी पक्षात एक युक्तिवाद हटकून होतो : सरकार आपलेच आहे, त्याला अडचणीत कशाला आणायचे? माझ्या मते पक्षाची घसरण येथून सुरू होते. तिजोरीच्या मर्यादा खऱ्या असतात, तडजोडही कधी अटळ असते. पण पक्षाचाच ठराव वाचून दाखवणारा कार्यकर्ता पक्षाला उपद्रवी वाटू लागला, की तत्त्व केवळ अधिवेशनाच्या इतिवृत्तात उरते.

८/ गुरुजींनी पक्षाचे नाव मिरवले, ते त्याला त्याच्या शब्दाची आठवण देण्यासाठी. निष्ठेचा हाच अर्थ मला ग्राह्य वाटतो.

९/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, कोणत्याही पक्षाचा अभ्यास करताना त्याचे ठराव आणि सत्तेतील कायदे शेजारी ठेवून वाचा. आणि त्या दोहोंतील अंतर दाखवणाऱ्या स्वकीयांशी तो पक्ष कसा वागला, हेही अवश्य तपासा.