गिऱ्हाईक आणि ग्राहक

शेतकऱ्याच्या दारात नवी मोटारसायकल दिसली की आपल्याकडच्या शहाण्यासुरत्यांना चंगळवाद आठवतो. ‘पोराच्या हातात महागडा मोबाईल, घरात फ्रीज, मग कर्ज कसं फिटणार?’ लातूरच्या व्यासपीठांवर आणि नांदेडच्या परिसंवादांत हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता गप्प बसवत नाही.

मुळात या आरोपात शब्दांची गल्लत आहे. इंग्रजीतला ‘कन्झ्युमरिझम’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना चिकटला आहे. गरजेपेक्षा मिरवण्यासाठी खरेदी करणे ही एक. लोकांनी जास्त उपभोग घेतला की मागणी वाढते, मागणी वाढली की कारखाना चालतो, हा अर्थशास्त्रातला विचार ही दुसरी. आणि खरेदीदाराला फसवणुकीपासून संरक्षण मिळावे म्हणून उभी राहिलेली चळवळ ही तिसरी. मराठीने या तिन्हींना वेगळी नावे दिली: चंगळवाद, उपभोगवाद, ग्राहक चळवळ. तरीही बोलताना आपण हमखास पहिलेच नाव उचलतो आणि ते गरिबाच्या माथी मारतो.

मोटारसायकल घ्या. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावात दूध डेअरीला घालायचे, आजारी आईला तालुक्याला न्यायचे, मुलीला कॉलेजला सोडायचे, ते कशावर? मोबाईलवर बाजारभाव कळतो, पीक विम्याची तक्रार त्याच मोबाईलवरून करता येते. याला चंगळ म्हणणाऱ्याने आठवडाभर त्या गावात बिनगाडीचे राहून दाखवावे. मिरवण्याची खरेदी आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. कर्ज काढून केलेले हजार पानांचे लग्न मलाही खुपते. पण अर्थशास्त्रज्ञ थोर्स्टीन व्हेब्लेनने 1899 सालीच दाखवून दिले होते की दिखाऊ खर्चाची रीत वरच्या, निवांत वर्गात जन्मते आणि खालचे तिचे अनुकरण करतात. आमच्या भागात लग्नाचे मांडव कोणी मोठे केले, हे गावागावाला ठाऊक आहे. उपदेशाची सुरुवात तिथून व्हावी.

आता दुसरी बाजू. ‘खर्च करा, खर्चानेच विकास होतो’ म्हणणाऱ्यांचे एवढे खरे की देशाच्या एकूण उत्पन्नात घरगुती उपभोगाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, आणि मंदीत मागणी आटली की रोजगारही आटतो. पण हा हिशेब फक्त रुपये मोजतो, रुपया कशासाठी गेला ते विचारत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवसांत ज्याला परवडत होते त्याने टँकर विकत घेतला, ज्याला परवडत नव्हते तो घागरी घेऊन रांगेत थांबला. अर्थशास्त्राच्या वहीत टँकरचे पैसे उपभोग म्हणून जमा झाले. लातूरकरांच्या लेखी ती तहान होती. नळाला पाणी असते तर तो खर्च झालाच नसता आणि माणसे जास्त सुखी असती. उपभोगाचा आकडा वाढला म्हणजे भले झाले, हे मी म्हणूनच मानत नाही.

माझा पक्ष तिसऱ्या अर्थाचा आहे. महाराष्ट्राला तो नवा नाही. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 मध्ये. पण मराठवाड्यात हा विचार मिक्सर आणि टीव्हीच्या वॉरंटीपुढे फारसा गेला नाही. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक उभा असतो तो मृगाच्या तोंडावर, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर.

तिथे काय चालते ते जवळून पाहिलेले आहे. डीएपी खताची गोणी मागितली की सोबत नको असलेली बाटली माथी मारतात. सगळे त्याला ‘लिंकिंग’ म्हणतात. सोयाबीनच्या पिशवीचे पैसे उधारीच्या वहीत मांडतात आणि हातात देतात ती कच्ची चिठ्ठी. तिच्यावर ना लॉट नंबर, ना कंपनीचे नाव. पंधरा दिवसांनी तासात जागोजाग खाडे दिसू लागतात, तेव्हा त्या चिठ्ठीच्या जोरावर कुणाशी भांडायचे? गिऱ्हाईक करणे याचा मराठीतला दुसरा अर्थ इथे शब्दशः खरा ठरतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

‘शेतकरी धंद्यासाठी बियाणे घेतो, तो ग्राहक नव्हेच’, असा युक्तिवाद बियाणेवाल्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला आणि शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निकाल दिला. 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, कंपनी परराज्यातली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. नको असलेली वस्तू घेण्याची सक्ती याच कायद्याने गैर ठरवली आहे. एवढे हत्यार हाताशी असताना आपण शेतकऱ्याला काटकसरीचे धडे देत बसलो आहोत, याचा मला राग येतो.

म्हणून चंगळवादावर व्याख्यान ठेवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझी विनंती आहे. यंदा ते मे महिन्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा आणि एवढेच सांगा: पक्की पावती घ्या, तिच्यावर लॉट नंबर लिहून घ्या, पिशवी आणि टॅग फेकू नका, मूठभर बियाणे बाजूला ठेवा. उगवले नाही तर मोडणीच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनाम्याची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.