कोऱ्या वह्या खूप वाटल्या, आता भरलेल्या वह्या द्या

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' घेऊन या, हे आवाहन आता आपल्या लोकांच्या अंगवळणी पडले आहे. जयंतीलाही अनेक मंडळांनी ते उचलले. चांगलेच झाले. गावाकडच्या शाळेतल्या लेकराला वही मिळाली. पण तेच लेकरू बारावी करून शहरात येते, समाजकल्याणच्या वसतिगृहात कशीबशी एक कॉट मिळवते, तेव्हा त्याला कोऱ्या वहीची चणचण नसते. वही असते. ती सत्र संपेपर्यंत कोरीच राहते, हे त्याचे दुखणे आहे.

ती कोरी का राहते, हे आधी समजून घ्या. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन कॉलेजांत धावतो आणि अर्धा अभ्यासक्रम 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून देतो. स्कॉलरशिपचे आणि स्वाधारचे पैसे परीक्षा उलटून गेल्यावर येतात, म्हणून पोरगा लग्नाच्या हंगामात केटरिंगला जातो, रात्री पार्सल पोहोचवतो. सकाळच्या तासाला तो नसतो. असला तरी झोपेत असतो. आणि मग परीक्षेच्या आठ दिवस आधी तो झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा राहून विचारतो, 'आयएमपी आहे का?' त्याला मिळतो दहा वर्षांपूर्वीचा, काळपट झालेला, कोणत्या अभ्यासक्रमाचा हे न कळणारा गठ्ठा. राज्यात नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून पेपरांची नावे, क्रेडिट, प्रश्नपत्रिकेचा साचा सगळे हलले आहे. तो गठ्ठा रद्दीत घालायच्या लायकीचा आहे. तरी तो विकला जातो आणि आपला पोरगा विकत घेतो.

त्याच वर्गात दुसरा एक मुलगा असतो. त्याच्याकडे मोठ्या बहिणीच्या नोट्स असतात, सोसायटीतल्या एखाद्या काकांनी तपासलेली उत्तरे असतात, मागच्या वर्षीच्या टॉपरची वही असते. त्यासाठी त्याने काही केलेले नसते. ती त्याच्या घरी चालत आलेली असते. नोट्स नात्यातून जातात, ओळखीतून जातात, आणि आपल्या देशात नाते आणि ओळख जातीच्या कुंपणाआत असते. मग निकाल लागतो आणि त्याला 'मेरिट' म्हणतात! आपला पोरगा केटी घेऊन बसतो आणि त्याला 'कोट्यातला' म्हणतात. या मेरिटची अर्धी बेरीज त्या वहीत असते, हे कोणी बोलत नाही.

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. प्रस्थापितांना शिव्या घालणे सोपे असते. आता आपल्याबद्दल बोलू.

आम्ही काही कार्यकर्त्यांनी मागच्या सत्रात एका वसतिगृहात नोट्स गोळा करायला सुरुवात केली. तिथे एमए झालेले होते, सेट-नेट झालेले होते, तीन जण पीएचडी करत होते. सगळे आपलेच. प्रत्येकाच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो. वही मागितली की उत्तरे ठरलेली: 'गावाकडे राहिली', 'एकाला दिली होती, त्याने परत केली नाही', 'माझे अक्षर चांगले नाही'. एकाने तर तोंडावर सांगितले, 'मी रात्रीचे दिवस केले, फुकट कशाला देऊ?' आम्हाला त्याचा राग आला, पण त्याचे उत्तर निदान खरे होते. बाकीच्यांचेही तेच म्हणणे होते, फक्त ते सांगत नव्हते. शेवटी पहिली वही दिली ती बीएच्या दुसऱ्या वर्षात दोनदा नापास झालेल्या एका मुलीने. आणि ती वही सगळ्यात कामाची निघाली, कारण कोणत्या प्रश्नाला आपण काय लिहिले आणि गुण कुठे गेले, हे तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवून समासात लिहून ठेवले होते.

बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले ते नोकरी करून शिकणाऱ्यांची वेळ सांभाळून, सकाळचे वर्ग भरवून. १९५० साली औरंगाबादला मिलिंद. गरीब पोराचा दिवस कसा जातो, हे पाहून बाबासाहेबांनी संस्था बांधल्या. आणि आपण? आपण त्याला जयंतीच्या भाषणात 'अठरा तास अभ्यास करा' सांगतो आणि घरी जातो.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांचा आक्षेप वेगळा आहे. नोट्समुळे पोरे पोपट होतील, मूळ ग्रंथ वाचणार नाहीत, बाबासाहेबांनी काय नोट्सवर पदव्या मिळवल्या का, असे ते म्हणतात. आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. पण बाबासाहेबांना न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ग्रंथालय उघडे मिळाले. आपल्या पोराच्या कॉलेजात संदर्भग्रंथ कुलूपबंद कपाटात आहेत, बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि पेपर त्याला मराठीत लिहायचा आहे. नापास होऊन गावी परतलेला पोरगा मूळ ग्रंथ वाचतो, असे आम्ही तरी पाहिलेले नाही. आधी त्याला विद्यापीठात टिकू द्या. म्हणूनच आमचा आग्रह आहे की प्रत्येक उत्तराखाली कोणत्या पुस्तकातून, कोणत्या पानावरून घेतले ते लिहिलेच पाहिजे. ज्याला पुढे जायचे त्याला वाट दिसली पाहिजे.

'तुम्ही कॉपीला खतपाणी घालता' असेही एक प्राचार्य म्हणाले. कॉपीसाठी मायक्रो झेरॉक्स लागते, साहेब. आमची पुस्तिका ए-फोर आकाराची आहे, ती खिशात मावत नाही.

हस्तलिखितच का, टाइप करून का नाही, हा प्रश्न तरुण मित्र विचारतात. मोबाइलवर पीडीएफ शेकड्यांनी फिरतात, आता तर यंत्राला विचारले की ते अर्ध्या मिनिटात उत्तर लिहून देते. त्यात चुकीचे काय आहे, हे नापास होईपर्यंत कळत नाही. हाताने लिहिलेल्या वहीमागे एक माणूस असतो. शंका आली तर त्याला गाठता येते. शिवाय अडीच-तीन तासांत हाताने किती मजकूर लिहून होतो, दहा गुणांचे उत्तर किती पानांचे, हे हस्तलिखितातच दिसते. आणि लिहिणाऱ्याचा फायदा वेगळाच. दुसऱ्यासाठी उत्तर लिहायला बसले की आपल्याला काय कळले नाही ते लगेच कळते.

कायद्याची भीती घालणारेही भेटतील. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन तो फेटाळला. अपिलात काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले गेले, पण २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली. आपण तर पुस्तकाची झेरॉक्ससुद्धा काढत नाही, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरे वाटतो. मात्र बाजारातले गाईड जसेच्या तसे उतरवून देऊ नका. अशी एक वही आमच्याकडे आली होती, आम्ही ती परत केली.

काम फार अवघड नाही. पहिल्या पानावर विद्यापीठ, पेपरचे नाव आणि कोड, अभ्यासक्रमाचे वर्ष लिहायचे. निळ्या किंवा काळ्या पेनाने, पानाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, कारण शिवणीत अक्षरे जातात. मागच्या सत्रांच्या प्रश्नपत्रिका शेवटी जोडायच्या. दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो त्या विषयाच्या शिक्षकाने, वाचून चुका लाल पेनाने दाखवायच्या. चुकीचे उत्तर शंभर जणांत वाटले तर आपण शंभर जणांना बुडवतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही. लिहिणाऱ्याचे नाव त्याला हवे असेल तरच टाकायचे. आडनावाची सक्ती नको, कारण आडनाव वाचून उत्तराची किंमत ठरवणारे आपल्या वर्गांत कमी नाहीत.

पैशाचे म्हणाल तर जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे कोणत्याही मंडळाच्या खजिनदाराला विचारा आणि त्याला झेरॉक्सच्या एका पानाच्या दराने भागा. भागाकार आम्ही इथे करून दाखवत नाही.

आमच्याकडे राज्यशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या पहिल्या दोन सत्रांच्या वह्या तपासून तयार आहेत. मराठी साहित्याची एक वही तपासायला दिली आहे. अर्थशास्त्राचे संख्याशास्त्र आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित कोणाकडूनच आलेले नाही, आणि सर्वांत जास्त पोरे त्यातच अडकली आहेत. हे पेपर सुटलेले आपले किती जण आज नोकरीत आहेत, ते आम्हाला माहीत आहे. येत्या सहा डिसेंबरला दादरला येताना ती वही घेऊन या. गावाकडे राहिली असेल तर दिवाळीला जाल तेव्हा माळ्यावरून काढा.