किडनी गेली की मोफत

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ साली दीड लाखावरून पाच लाखांवर नेली, सर्व रेशनकार्डधारकांना तिच्यात घेतले. चांगलेच झाले. पण ही योजना दाखल रुग्णासाठी. शिरूर-दौंडच्या मोहल्ल्यातल्या खालाला रोज लागणारी शुगरची, बीपीची गोळी तिच्यात बसत नाही.

सरकारी दवाखान्यात गोळी फुकट, कबूल. मात्र रांगेत दिवस मोडतो, मजुरी बुडते. साठा संपला असेल तर मेडिकल आहेच. मग गोळी एक दिवसाआड होते. पुढे किडनी गेली की डायलिसिस मोफत, आठवड्यातून दोन-तीनदा! हा कुठला हिशेब, जनाब? पाच लाखांचे फलक खुशाल लावा, पण आधी महिनाभराच्या गोळ्या एकदम द्या, आणि वस्तीजवळ द्या.