‘आता आराम करा’ या हुकमाविरुद्ध

साठी उलटलेल्या माणसाला घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही जो उपदेश मोठ्या प्रेमाने करतात, तो ‘आता आराम करा’ हा होय. आणि या उपदेशामागे इतकी माया, इतका आदर आणि इतकी जुनी वहिवाट उभी असते की, त्याच्याविरुद्ध तक्रार गुदरणारा मनुष्य कृतघ्न ठरण्याचाच संभव अधिक. तरीही ती गुदरणे अवश्य आहे. कारण ज्याला आपण वार्धक्याचा दुबळेपणा म्हणतो, त्यातला फार मोठा हिस्सा वयाच्या नव्हे, तर या आरामाच्या खात्यावर पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वपक्ष असा: शरीर हे यंत्र आहे, यंत्र वापराने झिजते, सबब झिजलेले यंत्र जितके कमी चालवावे तितके ते अधिक टिकेल. हा दृष्टांत ऐकायला सयुक्तिक वाटतो, पण त्याचा पायाच खोटा आहे, कारण लोखंड वापराने झिजते आणि स्नायू न वापरल्याने. साठी ओलांडलेल्या, परंतु निरोगी अशा काही व्यक्तींना अमेरिकेत केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तेवढ्या अल्प मुदतीत त्यांच्या पायांतील जवळजवळ १ किलो स्नायुभार नाहीसा झाला. ना ताप, ना शस्त्रक्रिया, ना अपघात, नुसता आराम! उलट बाजूचा दाखला तर याहून बोलका आहे. बोस्टनच्या एका वृद्धसेवालयात नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजने उचलण्याचा कसून व्यायाम देण्यात आला. तो पुरा करणाऱ्या ९ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, अशी नोंद १९९० साली झाली. नव्वदाव्या वर्षी जे शरीर असा प्रतिसाद देते, त्याला पासष्टाव्या वर्षी निवृत्तीचा हुकूम देणारे आपण कोण?

‘पण पडले म्हणजे?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांच्या धास्तीची मी थट्टा करणार नाही. मात्र धास्तीने माणूस बसतो, बसल्याने मांड्या गळतात, मांड्या गळाल्याने तोल जातो आणि तोल गेल्याने तो पडतो. म्हणजे ज्या संकटातून वाचण्यासाठी त्याला बसविले, त्याचीच ही तयारी ठरते. शंभराहून अधिक चाचण्यांचा जो एकत्रित आढावा २०१९ साली घेतला गेला, त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आणि हे श्रेय प्रामुख्याने तोल सांभाळण्याच्या व उठण्याबसण्याच्या व्यायामांकडे जाते, नुसत्या फेरफटक्याबद्दल तशी खात्री देता येत नाही. सकाळी बागेत दोन फेऱ्या मारून कृतार्थ होणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मित्रमंडळाने हा मजकूर जरा नाराजीने का होईना, पण वाचावा. आपल्या जुन्या घरांत जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे ही नकळत आयुष्यभर चाललेली तालीमच होती. खाट, टेबल आणि कमोड आले आणि ती मोडली. ज्याचे गुडघे खरोखर गेले आहेत त्याला कमोड हवाच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मोडलेल्या तालमीच्या जागी दुसरे काहीच न आणण्याबद्दल.

आता थोडे स्वपक्षीयांकडे वळतो. फिजिओथेरपी म्हणजे दिवे लावून शेक घेणे, यंत्राच्या पट्ट्या चिकटवून गुदगुल्या करून घेणे आणि दहा बैठकांचे पैसे चुकते करून मोकळे होणे, असा जो समज रूढ आहे, तो काही रोग्यांनी एकट्याने निर्माण केलेला नाही. गल्लीबोळातल्या कित्येक दवाखान्यांनी त्याला मनापासून हातभार लावला आहे. शेकाने वेदना तात्पुरती शमते, हे मान्य. परंतु यंत्राखाली निपचित पडलेल्या माणसाचे बळ वाढत नाही, बळ त्याच्या स्वतःच्या श्रमानेच वाढते. शिवाय ते एकदा कमावून ठेवून देता येत नाही: बोस्टनच्या त्याच वृद्धांनी व्यायाम थांबविताच चार आठवड्यांत ३२ टक्के बळ गमावले.

देहाची एवढी काळजी या वयात शोभत नाही, असे म्हणून वानप्रस्थाचा दाखला देणारेही भेटतात. त्यांना इतकेच विचारावे की, तो वानप्रस्थ वनापर्यंत कोणाच्या पायांनी जात होता? महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघाले. त्यांच्या वैराग्याबद्दल कोणी शंका घेतल्याचे मला ठाऊक नाही.

इतिहासाचीही साक्ष आहे. मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंकडे १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात दीर्घकाळ खितपत पडलेल्या सातशेहून अधिक रुग्णांचा कारभार आला, तेव्हा असाध्य म्हणून खाटेला खिळलेल्यांची त्यांनी नीट तपासणी केली, त्यांना उठविले, चालविले, आणि त्यांतल्या अनेकांची घरी रवानगी केली.

ताज्या हृदयविकारात, तीव्र तापात, अस्थिर हाडाच्या बाबतीत विश्रांती हा इलाज आहेच. पण इलाजाला मात्रा असते आणि मुदतही असते. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्याला, अन्य हरकत नसल्यास, दुसऱ्याच दिवशी उभे करावे, ही आज मान्य पद्धती आहे. मग इस्पितळातून घरी पाठविताना हाती जो कागद देतात, त्यावर ‘विश्रांती’ एवढेच न लिहिता, खुर्चीतून दिवसाकाठी किती वेळा उठायचे, ओट्याला धरून एका पायावर किती वेळ उभे राहायचे, दर पंधरवड्याला त्यात किती भर घालायची, आणि सांधा सुजला किंवा छातीत दुखले तर कोठे थांबून कोणाला कळवायचे, हे सुनेला व खुद्द म्हातारबुवांनाही वाचता येईल अशा ठळक मराठी अक्षरांत लिहून देण्याची तजवीज प्रत्येक इस्पितळाने या वर्षीच करावी.