राखणदाराचे म्हातारपण

— बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी

मराठी भाषेत कुत्र्यांना तोटा नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. हत्ती चालतो आणि कुत्री भुंकतात. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. शिवी द्यायची तर कुत्रे, आणि इमानाचा दाखला द्यायचा तरी कुत्रेच! पण या सगळ्यांत एक वाक्प्रचार मला अस्वस्थ करतो. तो म्हणजे 'कुत्र्याच्या मौतीने मरणे'. एखादा माणूस रस्त्याकडेला, बेवारशी, कुणी विचारपूस न करता मेला की आपण असे म्हणतो. म्हणजे कुत्र्याचे मरण कसे असते हे आपल्या भाषेला पक्के ठाऊक आहे. ते तसेच का असावे, हे मात्र कुणी विचारलेले दिसत नाही. या लेखात तेवढेच विचारायचे आहे.

विषय वाचून काही मित्रमैत्रिणी हसतील. वार्षिकात लिहायला दुसरे विषय का थोडे आहेत? बेकारी आहे, शेतमालाचे भाव आहेत, हुंडा आहे. हे सारे मला मान्य आहे. पण मी माझ्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. आमच्या घरात आजवर कुणी लेख लिहिलेला नाही. कुत्रे मात्र प्रत्येक पिढीने राखलेले आहे. तेव्हा या एका विषयावर बोलण्याचा अधिकार मला घरातूनच मिळाला आहे असे मी समजते.

शहरात लोक कुत्रे पाळतात. आमच्या कोरेगाव भागात कुत्रे पाळत नाहीत, ते असते. मळ्यात असते, वस्तीवर असते, गोठ्याच्या तोंडाशी असते. त्याचा पगार म्हणजे संध्याकाळची भाकरी आणि त्याचे काम म्हणजे रात्रभर जागणे. उसात रानडुकरे शिरली, गोठ्याकडे परके पाऊल वळले, जनावराच्या पायात साप आला, की पहिली हाक त्याची. हा करार कुठल्याही कागदावर नाही, पण दोन्ही बाजूंनी पाळला जातो. निदान कुत्र्याच्या बाजूने तरी नक्कीच पाळला जातो.

मग ते म्हातारे होते. साधारण सात-आठ वर्षांचे झाले की कुत्र्याचे उतारवय सुरू होते. थोराड जातींचे त्याआधी, लहान चणीच्या कुत्र्यांचे थोडे उशिरा. तोंडाभोवतीचे केस पिकतात. कान मंद होतात. थंडीच्या सकाळी उठताना मागचे पाय आखडतात. रात्री ते गाढ झोपू लागते आणि परके माणूस अंगणात आले तरी त्याला कळत नाही. आणि एके दिवशी घरात कुणीतरी म्हणते, "आता ह्याचा काय उपेग?" पुढची रीत सगळ्यांना माहीत आहे. पोत्यात घालायचे, टेम्पोत टाकायचे, नदीपलीकडे नाहीतर बाजाराच्या गावी सोडून यायचे. या कृत्याला आपण 'सोडून येणे' असा मोठा सोज्वळ शब्द वापरतो. जणू काही एखाद्या पाहुण्याला स्टँडवर सोडायला गेलो होतो!

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात उभा राहिला. टिप्या आमच्याकडे आला तेव्हा मी दुसरीत होते. म्हणजे तो आता बारा वर्षांचा झाला. त्याला दिसेनासे झाले, तो कण्हू लागला, रात्री उगीच भिंतीकडे तोंड करून भुंकू लागला. एका दवाखान्यात त्याला नेले तर, "गावठी कुत्र्यावर कशाला पैसे घालता?" असे ऐकून परत यावे लागले. चुलते म्हणाले, "आरं, माणसाला औषध मिळंना, कुत्र्याचं काय घिऊन बसलाय? सोडून येऊ कुठंतरी." त्यावर आजी एवढेच म्हणाली, "बारा वरसं त्यो जागला म्हणून तुमी निजलात. आता त्याला निजू द्या." चर्चा तिथेच संपली. टिप्या अजून आहे. आजी शाळेत गेलेली नाही, पण तिच्या त्या दोन वाक्यांवर मला या लेखाची उभारणी करता आली.

आजीचा युक्तिवाद ऋणाचा आहे, आणि तो आपल्या मातीला नवा नाही. कोरेगावहून साताऱ्याला जाताना वाटेत माहुली लागते. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरच्या संगम माहुलीत थोरल्या शाहू छत्रपतींची समाधी आहे, आणि त्यांच्या आवडत्या खंड्या कुत्र्याचीही समाधी तिथे दाखवतात. शिकारीत वाघापासून खंड्याने महाराजांचे प्राण वाचवले, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला अशी कथा सांगतात. शाहू महाराज १७४९ साली वारले. आज पावणेतीनशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी त्या कुत्र्याचे नाव आहे. आपण एस.टी.तून रोज तिथून जातो, पण आपल्यापैकी कितीजण खाली उतरून ती समाधी पाहून आले आहेत?

तरीही खंड्याच्या कथेवर माझे पूर्ण समाधान होत नाही. खंड्याने पराक्रम केला म्हणून त्याला मान मिळाला. ज्याने वाघ अडवला नाही, नुसती बारा वर्षे गोठ्यापाशी रात्र काढली, त्याचे काय? इथे मला महाभारतातले महाप्रस्थानिक पर्व आठवते. पांडव अखेरच्या यात्रेला निघाले तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागे चालू लागला. वाटेत द्रौपदी पडली, भाऊ एकामागून एक पडले; कुत्रा चालतच राहिला. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि ये. धर्मराजाने नकार दिला. विश्वासाने सोबत आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको होता. आता विचार करा, त्या कुत्र्याने धर्मराजाचे काय काम केले होते? ना शिकार, ना राखण. तो फक्त सोबत आला होता. आणि तेवढे पुरेसे होते! आपल्या कुत्र्यांनी तर सोबतही केली आणि कामही केले. मग ज्या समाजात घरोघरी पांडवप्रतापाच्या पोथ्या वाचल्या गेल्या, त्याच समाजात टेम्पोत टाकलेली पोती कुठून आली?

आपल्याकडे बैलाला बेंदूर आहे, गाईला वसुबारस आहे. सापालासुद्धा नागपंचमी आहे, आणि बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर दूरवर माहीत आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि खंडोबाच्या पायाशी एक. तसबिरीला हार पडतो, दारातल्याला दगड. नेपाळात दिवाळीच्या सुमारास तिहार नावाचा सण असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला गोडधोड खाऊ घालतात. आपण सण उसना आणावा असे मी म्हणत नाही. पण नामदेवाची गोष्ट तरी आपलीच आहे ना? कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव काठी घेऊन नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

आता चुलत्यांच्या आक्षेपाकडे वळते, कारण तो खोटा नाही. माणसालाच मिळत नाही तिथे कुत्र्याला कुठून? कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हा प्रश्न भरल्या पोटाने झिडकारणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. परंतु म्हाताऱ्या कुत्र्याला लागते तरी काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

त्याचे दात किडतात, पडतात. कडक भाकरी त्याला चावत नाही आणि आपण म्हणतो, "खाणं टाकलंय." तीच भाकरी बिनतिखटाच्या पातळ वरणात भिजवून, एका वेळेऐवजी दोन-तीन वेळा थोडी थोडी द्यावी. सांधे धरतात, गार फरशीऐवजी अंगाखाली दुमडलेले पोते आणि वाऱ्याआडचा कोपरा द्यावा. डोळ्यांवर निळसर झाक आली म्हणजे ते आंधळे झालेच असे नाही, वयाने बुबुळामागचे भिंग घट्ट होते तेव्हाही तशी झाक दिसते. पांढरा मोतीबिंदू निराळा. आणि खरेच दिसेनासे झाले तरी कुत्रे नाकाने घर ओळखते. फक्त त्याची पाण्याची परात आणि झोपण्याची जागा आपण रोज हलवू नये. बहिऱ्या कुत्र्याला मागून एकदम हात लावू नये. ते दचकून चावते आणि मग 'पिसाळले' असा शिक्का बसतो. फिरणे कमी झाले की नखे वाढतात, ती कापावीत. आणि म्हातारे झाले म्हणून पिसाळण्यावरची लस मात्र चुकवू नये. ती कुत्र्यासाठी जेवढी, तेवढीच आपल्या मुलाबाळांसाठी आहे.

या सगळ्यात खर्च तो कुठे आहे? थोडी भाकरी, एक पोते, आणि थोडे लक्ष. यातले तिसरेच महाग आहे, कारण ते विकत मिळत नाही.

काही गोष्टी मात्र कळवळ्यानेच चुकतात. कुत्रे कण्हते म्हणून घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला देऊ नये. माणसाच्या अशा पुष्कळ गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधतात. कांदा घातलेले कालवण, द्राक्षे, बेदाणे हेही त्याला घातक आहेत. द्राक्षबागांच्या सांगलीकडच्या पाहुण्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. कुत्रे एकाएकी फार पाणी पिऊ लागले आणि वारंवार मुतू लागले तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहासारखा आजार असू शकतो. वय झालेल्या कुत्रीच्या बाबतीत माजानंतर काही आठवड्यांनी असे झाले, तर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तिथे दिरंगाई जिवावर बेतते. अशा वेळी 'म्हातारपणच आहे' म्हणून गप्प बसू नये. म्हातारपण हा रोग नव्हे. पण म्हातारपणाच्या आड रोग लपतो. आपल्या जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते केवळ गाई-म्हशींसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरवला. आणि त्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये! बारा वर्षांच्या राखणीची ही किंमत वाचून मला हसावे की रडावे कळेना. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत आले. पण दयेची वसुली करायला तलाठी येत नाही; ती ज्याने त्याने आपल्या घरी भरायची असते.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि देशभर वाद झाला. त्यांच्या चाव्याने जे मेले, त्यांच्या घरच्यांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण त्या गदारोळात एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. रस्त्यावरच्या या कुत्र्यांत, किंवा त्यांच्या आयांत, एके काळी कुणाच्या दारात बांधलेली किती होती? भटकी कुत्री आकाशातून पडत नाहीत. काही आपणच सोडून आलेली असतात. यात फक्त खेडेच दोषी आहे असेही नाही. शहरातले पाहुणे हौसेने लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणतात, आणि ते वाढून फ्लॅटमध्ये मावेनासे झाले किंवा आजारी पडले की, "गावाकडं मोकळं राहील," म्हणून आपल्या मळ्यात आणून सोडतात. ज्याला उन्हाची सवय नाही, भाकरीची सवय नाही, त्याचे ते मोकळेपण किती दिवस टिकते ते आम्ही पाहतो.

शेवटी सर्वांत अवघड गोष्ट. कधी कधी औषध थकते. कुत्रे उठत नाही, खात नाही, वेदनेने रात्रभर ओरडते. अशा वेळी पशुवैद्याला विचारून, त्याच्या हातून वेदनेविना मरण देणे यात निर्दयता नाही असे माझे मत आहे. मतभेदाला जागा आहे, आणि आमच्याच घरी तो आहे; आजीला हे मुळीच पटत नाही. पण आजी आणि मी एका गोष्टीवर ठाम आहोत. जे काही व्हायचे ते घरच्या माणसांच्या हाताखाली, ओळखीच्या वासात व्हावे. अनोळखी गावच्या उकिरड्यावर नव्हे. आणि मेल्यावर बांधाकडेला चार फूट माती त्याला मिळावी. एवढी जमीन कुठल्याच वाटणीत कमी पडत नाही.

मित्रहो, नुसते लिहून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक सूचना करते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. यंदा त्यातला एक दिवस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गावातल्या कुत्र्यांच्या लसीकरणाला द्यावा, आणि त्याच वेळी म्हाताऱ्या कुत्र्यांचे दात, डोळे, पाय तपासून घ्यावेत. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर हे सहज जमेल. आणि ज्यांना पिल्लू आणायचे आहे त्यांनी आधी एक बेरीज करावी. आज आपण एकोणीस वर्षांचे असू, तर ते म्हातारे होईल तेव्हा आपण तिशीला टेकलेले असू. नोकरी असेल, संसार असेल, कदाचित गावही बदललेले असेल. तेव्हाही त्याला जागा देता येणार असेल तरच ते आणावे. पिल्लू कुणालाही आवडते. त्यात माणसाची परीक्षा नाही. परीक्षा दहाव्या-बाराव्या वर्षी असते, आणि तिला एटीकेटी नाही.