नगराचा जमाखर्च

महानगरपालिकेचा पैसा नागरिकांच्या करांतून जमा होतो. त्यातूनच शाळा, दवाखाने, रस्ते आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावयाची असते. म्हणून बदलत्या हवामानाला तोंड देण्यासाठी पैसा मागितला गेला, की ‘आजच्या गरजा अपुऱ्या असताना उद्याच्या संकटावर खर्च कशाला?’ असे विचारले जाते. हा प्रश्न अनाठायी नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम नगरालाही लागू आहे. परंतु या हिशेबात खर्च जितक्या काळजीने मांडला जातो, तितक्या काळजीने संभाव्य नुकसान मांडले जात नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्यावे. तेथील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसापुरत्याच होत्या. त्यांची क्षमता वाढवावी, असा अहवाल तज्ज्ञांनी १९९३ साली दिला. खर्चाचा अंदाज सुमारे ६१६ कोटी रुपये होता. काम मात्र रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. एवढ्या पावसापुढे नव्या वाहिन्याही अपुऱ्या पडल्या असत्या, हे खरे. तथापि पाणी अधिक लवकर ओसरले असते. पुढे २००७ साली त्याच कामासाठी १,२०० कोटी रुपये मंजूर करावे लागले आणि तेही पुरले नाहीत.

हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. त्यामुळे अतिवृष्टीचा धोका वाढतच जाणार. हे जाणूनच मुंबईने २०२२ साली हवामान कृती आराखडा जाहीर केला.

तरीही हवामानाच्या नावाने मागितलेला प्रत्येक रुपया योग्यच असतो, असे नव्हे. खारफुटीची वने राखण्यास भिंती बांधण्यापेक्षा कमी खर्च येतो आणि ती लाटांचा जोर मोडतात. असे उपाय आधी करावेत. नदीचे पात्र मोकळे करताना काठावरच्या गरिबाची झोपडी हलवावी लागते. त्याला दूरवर घर मिळाले, तर त्याचा रोजगार तुटतो. हा भुर्दंड नगराच्या वहीत लिहिला जात नाही. पण तोही खर्चच होय. सर्वांच्या रक्षणाचा भार एकट्या दुर्बळावर पडू नये.

काटकसर हा सद्गुण आहे, चालढकल नव्हे. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्याचा विहिरीचा खर्च टळत नाही. त्याला वर तहानही सोसावी लागते.